पाळीखालचं आठवं नाव

दामा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुझ्या भावानं पिंड ठेवून हात जोडले न जोडले तोच एक कावळा चिंचेवरून उतरला आणि भातात चोच घालून गेला. तळ्याच्या पाळीवर जमलेल्या बायकांनी सुस्कारा सोडला. तुझी वहिनी म्हणाली, "भावजीचं मन काईत अडकलं नोतं. सुटले बापा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तुझं मन कशात अडकलं होतं आणि ते कोणी सोडवलं, हे त्या पाळीवर एकट्या मला माहीत होतं. मी सोडवलं, तुझ्याशी खोटं बोलून.

म्हणून हे लिहायला बसलो आहे. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझा मनमिळाऊ स्वभाव वगैरे मी लिहिणार नाही. एक तर तुझा स्वभाव मनमिळाऊ नव्हता. दुसरं म्हणजे एकाच पाटीवर थुंकी लावून पुसत आपण दोघं बाराखडी शिकलो, तेव्हा तुझी माहिती तुलाच काय सांगायची. तू नागपूरला कॉलेजात गेलास, मी नॉर्मल स्कूलात शिकून गावच्याच शाळेत मास्तर झालो. वडील गेल्यावर तू कॉलेज अर्ध्यावर टाकून परत आलास. सौंदडच्या स्टेशनावर मी तुला घ्यायला आलो होतो. तुझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती, आणि ती ट्रंक गावापर्यंतचे दोन कोस मी डोक्यावर वाहिली. त्या ओझ्याची आठवण तू मला मरेपर्यंत करून देत होतास, जणू ती तूच वाहिली होतीस.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी तुझ्या डोक्यात वर्गाचं खूळ शिरलं. गावचे जमीनदार म्हणजे मालगुजार, त्यांची रेशमाच्या कोशांची कोठी रिकामी पडली होती. कोशाचा धंदा बसला होता आणि आत वटवाघळं राहत होती. तू सरळ मालगुजारांकडे गेलास. ते म्हणाले, "पोट्टे बसवाचे अस्तीन त बसव. गडबड नाई पायजे." तू म्हणालास, "पोट्टे नाईत मालक, मोठी मानसं." ते हसले. मोठी माणसं शाळेत बसतात ही त्यांना गंमत वाटली, म्हणून कोठी मिळाली.

धान निघून मळणी झाली की मोहफूल पडेपर्यंत आपल्याकडच्या माणसाला दुपार मोकळी असते. त्या दुपारी तू धरल्यास. चित्र बारा दुपारी, गाणं बारा दुपारी, गोष्ट बारा, विचार बारा आणि पूर्वीचं बारा. त्याच्यापुढे एक दुपारही नाही. कोणी म्हटलं, मास्तर, चित्र आणखी शिकवा, तर तू म्हणायचास, "आता तुमचं तुमी." मी शाळा सुटली की तोंडावर खडूची धूळ घेऊन तिथं यायचो आणि चिडायचो.

"हे काय चाललं आहे?" मी म्हणायचो. "अर्ज लिहायला शिकव, पट्टा वाचायला शिकव. नुसती तोंडओळख कायले?"

"ते तू शिकव ना गा. तू सरकारी मास्तर."

"ओळख करून देऊन मंग?"

"मंग त्यायचं ते पायतीन. म्या ओळख करून देतो. लगन लावाचं काम माहं नाई."

लोक हसायचे. त्यांच्यापुढे हरलो की माझा चेहरा उतरायचा आणि ते तुला कळायचं. मग परतताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचास. पण माघार घ्यायचा नाहीस.

चित्राच्या पहिल्या दुपारी तू सगळ्यांना कोळशाचे तुकडे वाटलेस आणि आपापला हात भिंतीवर काढायला सांगितलास. हिरामनचं एक बोट उसाच्या चरकात गेलेलं. त्यानं पाचही बोटं काढली. तू विचारलंस, तर तो म्हणाला, "चित्रात तरी राहू द्या." मला तेव्हा वाटलं, यात काहीतरी आहे. तुला मात्र तसं बोललो नाही. आज बोलतो. त्या भिंतीवर सतरा हात होते आणि त्यात माझाही होता, दाराच्या मागे, कोणाला दिसू नये असा.

मारोती ढिवर त्या वर्गाला पहिल्या दिवसापासून यायचा. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, अंगाला मासळीचा वास. त्याला पाहून इतर जरा सरकून बसायचे, म्हणून तू त्याला मुद्दाम मधे बसवायचास. त्याची आजी सकवारबुढी दोन दिवस दारातून पाहत राहिली. नातू रोज दुपारी कुठं जातो हे पाहायला ती आली होती. तिसऱ्या दिवशी आत येऊन बसली आणि मग एकही दुपार तिनं चुकवली नाही. गाण्याच्या बारा दुपारी तर तू कमी आणि तीच जास्त शिकवत होती.

विचाराच्या दुपारी तू एकच प्रश्न घेतला होतास. खोटं बोलून कोणाचं भलं झालं, तर ते खोटं किती खोटं? चार दिवस लोक त्याच्यावर भांडले. पाचव्या दिवशी सकवारबुढी उठली. मानमोडीच्या तापात तिच्या घरचे सगळे पुरुष गेले होते, नवरा, दीर, मुलगा. मुलगा शेवटी जात होता तेव्हा तो बायकोला शोधत होता. बायको आदल्या दिवशीच गेली होती.

"'ते कोटी हाये?' म्हने पोरगा," बुढी सांगत होती. "म्या म्हनलं, पानी आनाले गेली, येऊन राहिली. मंग तो गप झाला. डोळे मिटले. सांगा आता, म्या खोटं बोलली का?"

आणि मी, शाळामास्तर, मी म्हणालो, "खोटं ते खोटं, बुढी. कारण कोणतंही असो."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला माझी चूक तेव्हाच कळली, पण ती मान्य करायला तोंड उघडेना. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मास्तर, तू पाटीवर चांगला. मानसावर नाई." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नंतर बोललास, पण तो वाद आपण तिथंच सोडला. मी म्हणायचो, त्यावर एकदा सावकाश बोलू. तू म्हणायचास, हो. ते कधी झालं नाही.

शेवटच्या बारा दुपारी 'पूर्वीचं' होतं. तू पुस्तक उघडलंच नाहीस. सगळ्यांना म्हणालास, घरात जो सगळ्यात म्हातारा असेल त्याला विचारून या, आपल्या तळ्याची पाळ कोणी बांधली. दुसऱ्या दिवशी जो तो एकच उत्तर घेऊन आला. मालगुजारांच्या पणज्यानं बांधली. माझंही तेच होतं, मी शाळेत तेच शिकवत होतो. सकवारबुढी पदरात तोंड घालून हसत होती.

"त्यानं एक टोपली तरी उचलली का गा?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पाळ जिथं वाकडी होते तिथं ती एका पावसाळ्यात फुटली. आठ माणसं त्या भगदाडात उतरली, मातीच्या टोपल्या लावत. वरून माती सुटली आणि आठही जण तिच्याखाली गेले. पाणी थांबलं होतं. त्यांना काढायला माती उकरली असती तर पाळ पुन्हा फुटली असती. म्हणून उकरली नाही. वरून आणखी माती टाकली आणि चोपून घट्ट केली. ती आठ माणसं अजून तिथंच आहेत. त्यांच्या आठ घरांना तेव्हाच्या मालगुजारानं शब्द दिला, की तळ्याचं पहिलं पाणी दरवर्षी त्यांच्या धानाच्या बांध्यांना जाईल. एक पिढी ते गेलं. मग पहिलं पाणी मालकांच्या बांध्यांना जाऊ लागलं, आणि आठ घरांपैकी काहींच्या बांध्याही गेल्या.

"नावं?" तू विचारलंस.

बुढीनं बोटं मोडत नावं घेतली. लहानू. झिंगर. उकंडा. सोमा. भदू. मंगरू. गोमा. सात झाली आणि ती थांबली.

"आठवं?"

तिनं मान खाली घातली. बाकीच्या बायकांना कळलं. आठवा तिच्या नवऱ्याचा आजा होता. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव ती कसं घेणार? जन्मभर घेतलं नाही, ते आता पाळीच्या गोष्टीसाठी घेणार होय? मारोतीला विचारायची सोय नव्हती. तो त्याच दिवशी सकाळी नवेगाव बांधच्या तळ्यावर मासे धरायला गेला होता, महिनाभरासाठी. आणि गेला नसता तरी त्याला माहीत नव्हतं. नाव सांगणारे पुरुष मानमोडीत गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी तू एकटाच तिच्या झोपडीत गेलास. मी शाळेत होतो. सुटल्यावर तू धावत माझ्याकडं आलास, तसं धावताना मी तुला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तू तिच्यासमोर बसून एकामागून एक नावं घेत गेला होतास. जुनी, गावात ऐकलेली, मेलेल्यांची, जी सुचतील ती. ती मान हलवायची, नाही. तू पुढचं घ्यायचास. तासभर चाललं. मग एक नाव तू घेतलंस आणि बुढीनं पदर पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत. "बस, सापडला," तू मला म्हणालास. "मास्तर, तो मानूस सापडला."

ते नाव तू एका चिठोऱ्यावर लिहून आणलं होतंस. ते घालून मी पाळीची ती सगळी गोष्ट एका पक्क्या वहीत लिहिली. तुला माहीत आहे, माझं अक्षर हीच माझी एक दौलत. बोरू नीट कापून, काळ्या शाईनं, शीर्षकं आणि आठ नावं तांबड्या शाईनं. हिरामननं गेरूनं काठ काढले. तुझ्या वहिनीनं लाल कापडाचं वेष्टन शिवलं. तू पाहिलंस आणि म्हणालास, "हे झालं खरं पुस्तक. आता मारोती आला का त्याच्या हातात पह्यले देऊ." मग तू कागद आणि खडू आणायला गोंदियाला गेलास, तिथल्या मावसभावाकडं आठ दिवस राहणार होतास. वही माझ्याकडं ठेवून गेलास.

दामा, आपल्या गावात काहीही नवं निघालं की पहिलं मालगुजारांच्या ओसरीवर जातं. नवं धान, मोहाची पहिली टोपली, तळ्यातला पहिला मासा, कोष्ट्यानं विणलेलं पहिलं धोतर. हे का, असं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. वही नवी होती, म्हणून ती तिथं जायची, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि दुसरंही आलं, ते सांगतो. मला शाबासकी हवी होती. बारा-बारा दुपारींच्या त्या धंद्यातून काहीतरी हातात आलं, आणि ते माझ्या अक्षरात आलं, हे मला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. तू परत आल्यावर तुला सांगणार होतो, बघ, मालकांनीही मानलं. म्हणून कोणाला न बोलता गेलो. वहीवर सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या. नव्या धानावर टाकतात तशाच.

त्यात काय लिहिलं आहे, ते मीच लिहिलं होतं. तरी मला दिसलं नाही. शब्द न् शब्द उतरवून घेताना मी वेलांटीच पाहत होतो.

मालगुजारांनी वही उघडली. सावकाश वाचली, पानं उलटत, मधे पानाचा विडा लावत. मी उभा होतो. शेवटी ते म्हणाले, "अक्षर चांगलं हाये, मास्तर."

मी आनंदानं लाल झालो असेन.

"हे कोनं सांगतलं?"

"सकवारबुढीनं," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो.

"ठेव इथं. पुन्हा वाचतो."

मी पाया पडून आलो. पुढचे दोन दिवस मी फार सुखात होतो, हे तुला सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी कोठी मोहफुलांसाठी लागणार म्हणून रिकामी करायचा हुकूम आला. तुझे कच्चे कागद, पाट्या, सगळं बाहेर फेकलं. भिंतींना चुना मारला. हिरामनचं पाचवं बोट चुन्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी, गुरं येतात त्या आखरावर गाव गोळा केलं आणि सकवारबुढीला उभं केलं. तिनं सांगितलं, "म्या बुढी मानूस. डोस्कं फिरलं. मनचं सांगतलं." मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिची नजर एकदा माझ्यावरून गेली आणि पुढं सरकली. मारोतीचं जाळं तळ्यात पडायचं बंद झालं. होळीला मालकांच्या माणसानं रद्दीची टोपली आणून ओतली, तिच्यात लाल वेष्टन होतं. ते मी जळताना पाहिलं. बाजूला तुझा भाऊ उभा होता, त्याला काही कळलं नाही.

तू खडूची पेटी घेऊन आलास. कोठीला कुलूप पाहून माझ्या दारात आलास.

"कोनं सांगतलं त्याले?" तू विचारलंस.

मी तुझ्या हातातली खडूची पेटी घेऊन कोनाड्यात ठेवली.

"वही?"

"माझ्याकडं आहे," मी म्हणालो. "लपवून ठेवली. सासुरवाडीला."

तुझ्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तू मटकन खाली बसलास. "मंग काई बिघडलं नाई," तू म्हणालास. कोठी गेली, वर्ग गेला, बुढीची अब्रू गेली, आणि तू म्हणालास, काही बिघडलं नाही. कारण वही होती. दामा, त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर तू मला मारलं असतंस, आठवडाभर बोलला नसतास, आणि मग कागद घेऊन पुन्हा लिहायला बसला असतास. आठ नावं तुझ्या डोक्यात होती. तेव्हा खरं बोलून सगळं वाचलं असतं. आज कळतं, की जळालेल्या वहीपेक्षा माझ्या त्या एका वाक्यानं जास्त जाळलं.

आणि मग तू ठरवलंस, की मारोतीनं सांगितलं असणार. जायच्या आदल्या रात्री आजीकडून गोष्ट ऐकली असेल, नवेगावला चार लोकांत बढाई मारली असेल, तिथून मालकांच्या कानावर गेलं असेल. तुला कोणीतरी हवा होता आणि तो तिथं नव्हता. मारोती परत आला, तुझ्या घरी मासे घेऊन आला, आणि तू आतून बाहेर आला नाहीस. पुढं कधीच त्याच्याशी बोलला नाहीस. मी ते पाहत होतो. एक शब्द काढला नाही. ज्या माणसाला तू मुद्दाम मधे बसवलंस, त्याला तू माझ्या पापापायी उठवलंस.

बुढी त्या श्रावणात गेली. मारोती तिला नावं विचारायला गेला की ती त्याच्या तोंडावर हात ठेवायची. तुझ्या भावाच्या जमिनीवर मालकांनी वाकडी नजर टाकली, म्हणून तू गाव सोडलंस आणि दरेकशाला लाकडाच्या डेपोत नोकरी धरलीस. ओंडक्यांवर हातोड्यानं नंबर मारायचे. कॉलेजात शिकलेल्या तुझ्या हातांना ते काम मिळालं. तिथल्या जंगलात हिवताप कायमचा राहायला असतो. नऊ वर्षं तू त्याच्याशी झगडलास.

मागच्या पौषात मी तुला भेटायला आलो. सौंदडहून गोंदिया, गोंदियाहून गाडी बदलून दरेकसा. तू खाटेवर होतास, पिवळा, पोटात प्लीहा वाढलेली, गुडघे वर आलेले. डेपोतली गोंड माणसं बाहेर ओंडक्यांवर बसली होती. एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर कोळशानं काढलेला हात पाहिला आणि मला हसू आलं. इथंही चालवलंस तर.

"बारा दुपारी?" मी विचारलं.

"इथं सहाच. ताप येते." तू हसलास, मग खोकलास. मी तुला चहा पाजला. तू म्हणालास, "मालगुजारी जाईल म्हनतेत. स्वराज्य येऊन राहिलं. मंग पह्यलं पानी कोनाचं, हे कोनीतरी विचारन. तवा वही काढ. पह्यले मारोतीले वाचून दाखव. त्याच्यावर म्या उगाच राग धरला, आता वाटते. त्यानं नसन सांगतलं."

मी कप खाली ठेवला.

"वही हाये ना, मास्तर?"

"आहे," मी म्हणालो. "पेटीत, कापडात. कसर लागू नये म्हणून निंबाचा पाला घातला आहे."

हा पाल्याचा तपशील मी का घातला, मला माहीत नाही. तू डोळे मिटलेस. "मंग झालं," म्हणालास. "तू हायेस म्हनून झालं गा." मग तुला झोप लागली. गाढ. बाहेरचा एक गोंड म्हणाला, बऱ्याच दिवसांनी साहेब असा झोपला.

मी तिथं दुपारभर बसून होतो. मला तुला एकच गोष्ट विचारायची होती. आठवं नाव. सात नावं सगळ्या वर्गानं ऐकली होती, ती मला पाठ आहेत. आठवं मी माझ्या हातानं लिहिलं, तांबड्या शाईनं, आणि ते मला आठवत नाही. अक्षराचा घाट आठवतो, ओळीतली जागा आठवते. नाव आठवत नाही. तू जागा झाल्यावर विचारता आलं असतं. पण ज्याच्या पेटीत वही आहे तो नाव कशाला विचारेल? विचारणं म्हणजे कबूल करणं. तू जागा झालास तेव्हा माझ्या गाडीची वेळ झाली होती. तू हात हलवलास आणि मी गेलो.

तू गेल्याचं पोस्टकार्ड डेपोतल्या कोणीतरी लिहून पाठवलं, त्यावरून कळलं.

सकवारबुढीला मी म्हणालो होतो, खोटं ते खोटं. तिनं मरणाऱ्या पोराला शांत झोपवलं. मीही तुला झोपवलं. आपला राहिलेला वाद आता मी एकटा दोन्ही बाजूंनी घालतो. तिचं खोटं पोरासाठी होतं. माझं खोटं माझ्यासाठी होतं, त्यात तुला झोप लागली हे फक्त घडलं. एवढं मला कळतं. तू असतास तर म्हणाला असतास, बारा दुपारी पुरल्या नाहीत, तुला दहा वर्षं लागली. आणि मी चिडलो असतो. मला तू फार आठवतोस रे दामा. माझ्याशी भांडणारं आता गावात कोणी नाही, सगळे मला मास्तर म्हणून नमस्कार करतात.

दहाव्याला मारोती आला होता. लोकांपासून दूर, पाळीच्या वाकड्या भागावर एकटा उभा होता. जो त्याच्याशी नऊ वर्षं एक शब्द बोलला नाही त्याच्यासाठी तो आला होता. सगळे पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. सुपारी, अक्षता, मालकांची ओसरी, होळी. तू त्याच्यावर का रुसलास तेही सांगितलं. मी ठरवलं होतं, त्यानं मला पाण्यात ढकललं तरी चालेल.

त्यानं ढकललं नाही. तो पायाखालच्या मातीकडं पाहत राहिला.

"म्हंजे दामाभाऊ मले चोर समजूनच गेला," तो म्हणाला.

"शेवटी नाही. शेवटी म्हणाला, त्यानं नसन सांगतलं."

"काऊन नाई बोलले तुमी, मास्तर? नऊ वर्षं?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग तो म्हणाला, "आठवा आमच्या घरचा होता ना?"

"हो."

"नाव सांगा."

मी म्हणालो, मला आठवत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दामा, आखरावर त्याच्या आजीनं पाहिलं होतं तसंच पाहिलं, पण त्याची नजर पुढं सरकली नाही.

"घ्या," तो म्हणाला. "दामाभाऊनं घेतली होती ना बुढीपुढं? तशी घ्या नावं. म्या आयकतो."

तो खाली बसला. मीही बसलो, त्या आठ माणसांच्या वर, आणि नावं घ्यायला लागलो. बाजी. चिंधू. फागू. दसरू. गंगाराम. कचरू. बुधा. एकेक नाव घेऊन मी थांबायचो आणि त्याच्या तोंडाकडं पाहायचो, आणि तो माझ्या. ऊन उतरेपर्यंत मी नावं घेतली. त्यातलं एखादं खरं असेलही. पण ते ऐकून पदर ओढणारी बुढी नव्हती, आणि 'सापडला' म्हणणारा तू नव्हतास.